मामाचा हात

अहमदपूरच्या फोटोग्राफर मुकुलनं लग्नात दोन कॅमेरे लावले होते, एक मुलीकडे, एक मुलाकडे. नंतर कॉम्प्युटरवर फोटोंना एकापासून नंबर देऊन एकाच फोल्डरात हलवायची कमांड त्यानं दोन्हींवर चालवली. मुलाकडचा प्रत्येक फोटो मुलीकडच्या त्याच नंबरावर जाऊन बसला आणि खालचा पुसला गेला. मेल्या कमांडनं एका शब्दानं विचारलं नाही. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी आधीच रिकामी केलेली.

नवरीची आई सिंधुताई फोटो बघायला निलंग्याहून एसटीनं आल्या. स्क्रीनवर घोडा, वरात, व्याही सरकत राहिले. अंतरपाटाचा फोटो आला. नवरीच्या खांद्यावर मामाचा नुसता हात होता, बाकी मामा फोटोबाहेर.

"माझ्या भावाचा हाय हा हात," सिंधुताई म्हणाल्या. "आता तोंड दाव की त्याचं."