दर्याच्या दुधाचे आठ दिवस

साधूबाबाने खलात मोरी माशाचं तेल थेंब थेंब सोडलं, बत्ता फिरवला, मग पाणी ओतलं. खलात दूध झालं! वाळूवर जमलेली सगळी माणसं एकदम हात जोडून उभी राहिली. म्हातारी हौसाबाई तर बाबाच्या पायांवर लोटली.

ही गोष्ट सत्तावन्न सालची, मालवणजवळच्या आमच्या कोळीवाड्यातली. इथली माणसं भोळी नव्हेत. मोरीचं तेल ती होडीला चोपडतात, लाकडात पाणी शिरू नये म्हणून. तेल आणि पाणी कधी एक होत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणूनच ती दोन्ही एक झाली तेव्हा सगळा वाडा नमला. दुसरीकडे कुठे हा खेळ इतका रंगला नसता.

"सात समुद्र घुसळले तेव्हा हा एक थेंब निघाला!" बाबा गरजला. "एकशे आठ थेंब, एकशे आठ नामं! या पोरीला दुसरं दूध पाजाल तर दर्या कोपेल, होड्या पालथ्या होतील!"

पोरगी म्हणजे हौसाबाईची नात. बारा दिवसांची. तिची आई बाळंतपणातच गेली होती. आता कापसाच्या वातीने तिच्या तोंडात दर्याचं दूध पिळलं जात होतं.

मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बत्त्याखाली खलात चट्‌चट् आवाज आला, तो मी मागे उभा राहून ऐकला. तेलाचं औषध पाण्यात नीट बांधलं गेलं, एकजीव झालं की तोच आवाज येतो. पंधरा वर्षं मी रोज तो ऐकत होतो. खलाच्या तळाला पिवळं सारवण होतं. लोक त्याला हळद समजत होते, मी नाही. पहिल्याच दिवशी सगळं ओळखलं, घरी गेलो आणि भात जेवलो.

चैत्रात माझा मुलगा शिवा हगवणीने गेला होता. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं.

आठव्या दिवशी हौसाबाई दवाखान्यात आली. काखेत नात.

"कंपाउंडरानू, कापूस होयो. वाती करूक."

मी कापूस काढला. पोरीची टाळू खोल बसली होती, अंगातलं पाणी आटल्यासारखी.

"चेडू रडता?"

"नाय. दोन दिस झाले, रडाक नाय. बाबा म्हणता, देवान शांत केल्यान."

शिवाही शेवटचे दोन दिवस रडला नव्हता. मी कापूस बाजूला ठेवला.

"हौसाबाय, तुझी अंडी हल्ली कोण घेता?"

"बाबांचो चेलो. रोज सकाळी दोन. कुत्र्याक म्हणान."

"कुत्रो खंय आसा?"

बाबाकडे कुत्रा नव्हताच.

तसाच दवाखान्याचा खल आणि हौसाबाईच्या घरून एक अंडं घेऊन मी किनाऱ्यावर गेलो. बाबाला म्हटलं, "तुमचा खल एकदा स्वच्छ पुसा, मग दूध काढा."

"खल पुसला तर शक्ती जाते!"

"मग माझा बघा." हौसाबाईच्या कोंबडीचं ते अंडं फोडलं, पिवळा बलक खलात घेतला आणि वर मोरीचं तेल थेंब थेंब सोडून बत्ता फिरवू लागलो. मंत्राच्या जागी दवाखान्यातल्या बाटल्यांची नावं म्हटली: टिंचर आयोडीन, बोरिक, मॅगसल्फ. चट्‌चट् आवाज आला. पाणी घातलं आणि दूध झालं.

"अरे, बोरिकान पण दूध येता!" होडीवरचा म्होरक्या बाबली तांडेल ओरडला. लोक हसले. बाबा मात्र चंबूगबाळं आवरू लागला होता.

मी सांगितलं, "बाबाच्या खलातलं पिवळं सारवणही बलकाचंच. बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. तो एका अंगाने तेलाला धरतो, दुसऱ्या अंगाने पाण्याला. तुमच्या-माझ्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला त्याच जातीच्या पदार्थांचा पातळ पडदा असतो. औषधं बांधायलाही तो वापरतात. चांगली वस्तू आहे, पण दूध नव्हे. आठ दिवस ही पोर उपाशी आहे."

मग कोणी हसलं नाही. हौसाबाईच्या शेजारच्या मथुराने आपल्या शेळीचं दूध काढून आणलं. मी ते उकळून, पाणी घालून, चमच्याने पाजलं. कसालहून डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचून सलाईन दिलं. दुसऱ्या दिवशी सांजेला पोरगी रडली, बारीक आवाजात.

हौसाबाईने तिला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"कंपाउंडरानू, तुमका ह्या कधी कळला?"

खोटं बोलता आलं असतं.

"पयल्याच दिवशी."

ती माझ्याकडे पाठ करून पोरीला थोपटत राहिली.

ती पोर जगली, आज दोन मुलांची आई आहे. तरी हे लिहितो आहे. डोळ्यांपुढे चमत्कार घडला तर आधी भांडं पुसायला सांगा. आणि तुम्हाला खरं काय ते कळलं असेल, तर त्याच दिवशी बोला. बाबाने वाड्याला आठ दिवस फसवलं, आणि तेच आठ दिवस मी गप्प होतो.