जुळलेला जबाब

अंकुशरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि बाकावर शेजारी बसलेल्या बंडेप्पानं त्याखाली आपला हात सरकवला. बैलबाजारात भाव करतात तसा. वर दोघांची तोंडं समोरच्या भिंतीकडे, खाली बोटं बोटांशी बोलत होती. अंकुशरावांनी बोटं दाबून यंदाचा दर सांगितला, बंडेप्पानं मान हलवली आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर गेला.

दोघं बसले होते त्या, नौबादच्या पुढच्या औषध कारखान्याला माल रचून ठेवायला लाकडी चौकटी लागत. पॅलेट म्हणतात त्यांना. त्या पुरवणारे हे दोघंच, आणि दोघंही दुबलगुंडी गावचे. पूर्वी एकमेकांचे दर पाडता पाडता दोघांच्या नाकी नऊ आले होते. तेव्हा अंकुशरावच बंडेप्पाकडे गेले होते. "असं एकमेकाच्या उरावर बसून दोघं बी मरायलाव. एका वर्षी काम तू घे, एका वर्षी मी घेतो. दुसऱ्यानं दर चढवून सांगायचा, झालं." बंडेप्पाला ते लवकर पचलं नाही. भोळा माणूस, त्याला खोटं बोलायचं म्हणजे संकटच. पण अंकुशरावांना तो अण्णा म्हणायचा; अण्णा म्हणाला म्हणजे त्याच्यापुढं तो काय बोलणार! यंदाची पाळी अंकुशरावांची होती.

शिपायानं अंकुशरावांना आत बोलावलं आणि बंडेप्पाला दुसऱ्याच खोलीत नेऊन बसवलं. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"बसा, काका," खरेदी विभागाच्या नव्या अधिकारी ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दोघांना एका बाकावर मीच मुद्दाम बसवलं होतं. माझे वडील बैलबाजारात दावणीच्या बैलांना पाणी पाजायचे. टॉवेलाखाली काय चालतं, ते मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे."

अंकुशरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"जहीराबादहून दर मागवला मी. लाकूड तेच, खिळे तेच, आणि तुमचा दोघांचाही आजवरचा दर त्याच्या कितीतरी वर. आता कंपनीनं नियम केलाय. जो आधी खरं सांगेल त्याचं काम चालू राहील, वाजवी दरात. दुसऱ्याला पाच वर्षं फाटकाच्या आत पाऊल टाकता येणार नाही."

"आन् मी न्हाईच बोललो तर?"

"मग त्यांना विचारेन."

बाई आवाज चढवत नव्हती, हेच वाईट होतं. चढवला असता तर अंकुशरावांनाही चढवता आला असता. त्यांच्या डोळ्यांसमोर आपली शेड आली, करवतीवर उभा असलेला तानाजी आला. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून पोरगा घरी आला होता, तो केवळ या एका कारखान्याच्या भरवशावर. तो आल्यापासून त्याच्या आईच्या, कलाबाईच्या चेहऱ्यावर हसू होतं. काम गेलं की पोरगा पुन्हा जाणार, सून जाणार, नातू जाणार. म्हातारा-म्हातारीनं मग एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

"व्हय," ते म्हणाले. "ठरवत होताव."

"सुरुवात कुणी केली?"

आता इथं तरी माणसानं खरं बोलावं. खरं बोलायलाच बोलावलं होतं ना! पण एकदा जीव वाचवायला निघालेला माणूस अर्ध्यावर थांबत नाही.

"बंडेप्पानं. मी नको म्हणत होतो. त्येनं भरीस पाडलं."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्यांना मागच्या दारानं फाटकाकडे सोडण्यात आलं. बाहेर नळ होता. अंकुशरावांनी चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. कडुलिंबाखाली लावलेल्या मोटरसायकलीजवळ येऊन ते उभे राहिले. आपलीच त्यांना किळस आली होती. बंडेप्पा बाहेर येऊन शिव्या देईल, देऊ दे. कॉलर धरील, धरू दे. आपण मान खाली घालून ऐकून घ्यायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

बंडेप्पा आला तो हसतच.

"झालं, अण्णा! घाबरू नको. तुझं काम कुठं जात न्हाई."

"काय सांगितलास आत?"

"सगळं माझ्यावर घेतलो. म्हणलो, कल्पना माझी. अण्णा न्हाई न्हाई म्हणत होता, मीच त्येला भरीस पाडलो." बंडेप्पानं कपाळावरचा घाम पुसला. "जल्मात पयल्यांदा असं धडधडीत खोटं बोललो बघ. आन् पटलं की त्यांना!"



"कामून केलास असं?"

"कामून म्हणजे? तानाजीला परत पुण्याला धाडतोस व्हय? वैनी मरंल की झुरून. माझं काय, मी एकटा जीव. थोडी तूर हाय, जवारी हाय, भागतंय."

"मॅडम काय म्हणल्या?"

"काय बी न्हाई. मी आपला तयारीनं गेलतो, उलटं-सुलटं इचारतील म्हणून. त्यांनी एका शब्दानं इचारलं न्हाई. नुसतं म्हणल्या, दोघांचं जुळतंय."

बोलून झालं आणि बंडेप्पा थांबला. आपण आता काय बोललो ते त्यालाच नीट ऐकू आल्यासारखं झालं. चेहऱ्यावरचं हसू जरा वेळ तसंच राहिलं.

"जुळतंय म्हणजे, अण्णा?"

अंकुशराव खाली वाकून मोटरसायकलीची साखळी बघायला लागले. साखळीला काही झालं नव्हतं. काहीतरी बोलावं, निदान पाय धरावेत, असं त्यांना फार वाटत होतं. पण वर बघायचा धीर होत नव्हता.

बंडेप्पानं शिवी दिली नाही. कॉलरही धरली नाही.

"मला इचारला असतास," तो म्हणाला, "तर मीच म्हणलो असतो, माझ्यावर घाल म्हणून."

"बंडेप्पा, बस की मागं. घरला जाऊ."

"येतो मी बसनं."

तो हमरस्त्याकडे चालायला लागला. अंकुशराव तिथंच उभे राहिले. कितीही उशिरा निघाले तरी जायचं दुबलगुंडीलाच होतं, आणि तिथं दोघांची दारं समोरासमोर होती.