वळवलेलं टपाल

तात्यारावांनी चौतीस वर्षं टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात घालवली. पाकिटाचा वास घेऊन ते तालुका ओळखायचे. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे शंका घ्यायची सोय नव्हती. एकदा म्हणे ‘नाकात बोलणारे काका, पुणे’ एवढ्याच पत्त्याचं कार्ड आलं. तात्यारावांनी ते दुपारच्या आत बरोबर घरी पोचवलं, आणि उशीर झाला म्हणून काका पोस्टमनवर खवळले, तेही नाकातूनच. “माझ्या हातून एक पत्र हरवलं नाही,” हे वाक्य ते चहा मागावा तसं दिवसातून तीनदा म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कोथरूडच्या एका क्लासमध्ये नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून कंप्युटर शिकून घेतला आणि सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत लोकांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळायला सुरुवात केली. साल दोन हजार पाच. ज्याला त्याला वेबसाइट हवी होती, आणि आलेली ईमेल कागदावर छापून हातात देणारा माणूस तात्यारावांखेरीज दुसरा नव्हता.

वारज्याचे रामदास पेटीवाले त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. हार्मोनियम बनवणारा, दुरुस्त करणारा कसबी माणूस. रोज बरोबर अकराला यायचे आणि दारातूनच विचारायचे, “काही आलं?”

त्या मे महिन्यात या प्रश्नाला वजन होतं. कॅनडातल्या एका भजनी मंडळाच्या चिटणीस सोनालीताईंनी मार्चमध्ये फोन करून सांगितलं होतं, की तिकडच्या थंडीनं चौदा पेट्यांची लाकडं तडकलीत, भाते फाटलेत. तुम्हीच या, व्हिसासाठी लागणारं निमंत्रण मेमध्ये ईमेलनं पाठवते. रामदास कधी विमानात बसलेले नव्हते. निमंत्रण यायच्या आतच त्यांनी जाडजूड लोकरी स्वेटर घेतला आणि तो पिशवीतून बरोबर घेऊन हिंडू लागले.

नेमकी त्याच सुमारास रामदासांची वेबसाइट आणि ईमेल ठेवणाऱ्या जुन्या होस्टिंग कंपनीनं मान टाकली. वेबसाइट आठवड्यातले तीन दिवस उपासाला बसायची. तात्यारावांनी दोन मे रोजी रामदासांचा सगळा पसारा नव्या कंपनीकडे हलवला. वेबसाइट नव्या सर्व्हरवर चढली. राहिली ईमेल. तिचं काय करायचं, हे चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांना आधीच ठाऊक होतं. बिऱ्हाड हललं की माणूस जुन्या पोस्टात अर्ज देतो आणि ते पोस्ट त्याचं टपाल नव्या पत्त्यावर वळवतं. तात्यारावांनी जुन्या कंपनीला अर्ज धाडला: ‘सदर ग्राहकाचे टपाल तीन महिने नव्या पत्त्यावर वळवावे, ही विनंती.’ अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, ‘आपली विनंती मिळाली.’

“पाहिलंस?” ते बायकोला, राधाबाईंना म्हणाले. “सरकारात याला आठवडा लागला असता.”

“अर्ध्या मिनिटात वाचून झाला?” राधाबाई म्हणाल्या. “तुमचे अर्ज मी पस्तीस वर्षं वाचतेय. एवढ्यात संपत नाहीत ते.”

तात्यारावांनी दुर्लक्ष केलं. पोच ती पोच. त्यांनी स्वतःच्या खात्यावरून रामदासांना एक ईमेल पाठवून पाहिली. ती क्षणात पोचली. काम फत्ते. वीस तारखेला त्यांनी जुनं खातं ऐटीत बंद करून टाकलं.

रामदास रोज येत होते. “काही आलं?” “नाही.” हळूहळू पिशवीतला स्वेटर दिसेनासा झाला.

“एकदा फोन करून विचारा की,” तात्याराव म्हणाले.

“बोलावणं त्यांनी करायचं. आपण होऊन विचारायला मी काय पंगतीला ताटकळलोय?”

तेवीस तारखेला तात्यारावांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. रामदासांना ईमेलनं रोज तीन लॉटऱ्या लागायच्या, कोण कुठला राजपुत्र इस्टेट द्यायचा. तीन आठवड्यांत त्यातलंही एक पत्र नव्हतं. पृथ्वीवरचे सगळे लबाड एकदम सुधारले, हे काही तात्यारावांना पटेना. त्यांनी नव्या कंपनीच्या धम्मदीपला फोन लावला.

“काका, डोमेनची एमएक्स नोंद बदलली होती ना?”

“म्हणजे?”

“या नावाची ईमेल कुठल्या सर्व्हरवर टाकायची, ते जगाला सांगणारी नोंद. ती अजून जुन्याच सर्व्हरचं नाव सांगतेय. तीन आठवडे सगळी ईमेल तिकडेच पडली.”

“मी अर्ज दिला होता. पोचही आली होती.”

“काका, ती पोच मशीन पाठवतं. अर्ज कुणी वाचला नसणार.”

“पण मी पाठवलेली ईमेल पोचली की!”

“तुमचं खातंही आमच्याच सर्व्हरवर आहे. ती घरातल्या घरातच फिरली. जुन्या खात्यातून आता उचलून घेऊ आपण.”

“ते बंद केलं. वीस तारखेला.”

“मग पुसलं गेलं असणार, काका.”

धम्मदीपनं नोंद दुरुस्त करून दिली. दुसऱ्या दिवशी पहिली ईमेल आली ती सोनालीताईंची. ‘चार, नऊ आणि पंधरा मे, अशी तीन निमंत्रणं पाठवली. उत्तर नाही. आमच्या पहाटे उठून फोन करावा तर तुमचा कायम एंगेज. नाइलाजानं मिरजेच्या कारागिरांना बोलावलं आहे.’

फोन एंगेजच असणार. रामदास दुपारी एक ते चार रिसीव्हर काढून ठेवून झोपत. तात्यारावांच्या मनात क्षणभर आलं, की चूक त्या झोपेचीच. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी कागद छापला, आणि खणात ठेवला.

चार दिवस तो खणात होता. “काही आलं?” “नाही.” हे ‘नाही’ आता खोटं होतं. तात्यारावांना जेवण जाईना. रात्री स्वप्नात नाकात बोलणारे काका येऊन उभे राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. ‘एक पत्र हरवलं नाही’ हे वाक्य घरात ऐकू येईना, तेव्हा राधाबाईंनी डॉक्टरांना बोलवायचं ठरवलं.

पाचव्या दिवशी रामदास आले, पण त्यांनी विचारलंच नाही. नुसते बसले. तेवढं मात्र तात्यारावांना सोसलं नाही. त्यांनी खण उघडला, कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. अर्ज, पोच, पुसलेलं खातं आणि खणातले चार दिवससुद्धा.

रामदासांनी दोनदा वाचलं. “तीनदा?”

“तीनदा.”

“तीनदा बोलावलं मला.” त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. “आणि मी घरी सांगतोय, विसरले असतील, आपण कोण एवढे मोठे. पत्र हरवलं ते हरवलं हो, तात्याराव. पण हा कागद चार दिवस तुमच्या खणात होता.”

तात्यारावांनी रिकामा खण बंद केला.

“लिहा त्यांना,” रामदास म्हणाले. “माझ्या नावानं नको. तुमच्या.”

तात्यारावांनी लिहिलं. ‘चूक पूर्णतः माझी’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली, पण खोडली नाही. मग रामदासांनी पिशवीच्या तळातून स्वेटर काढून टेबलावर ठेवला.

“घाला.”

“अहो, मे महिना आहे.”

“तारखा चांगल्या लक्षात राहतात की तुमच्या. घाला. कॅनडाचं उत्तर येईपर्यंत काढायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी अकराला रामदास दारात उभे. आत तात्याराव, गळ्यापर्यंत लोकर, कपाळावरून घाम टपटप कीबोर्डवर.

“काही आलं?”

“कॅनडाचं नाही,” तात्याराव खाली बघत म्हणाले. “पण तुम्हाला तीन लॉटऱ्या लागल्यात.”

रामदासांनी खुर्ची ओढली. “छापा,” ते म्हणाले. “तिन्ही छापा. आणि इथून पुढे काय आलं, काय नाही, ते मी ठरवणार.”