आठवड्याला एक फेरा

क्रेनवर बसल्या बसल्या डुलकी लागली, म्हणून मुकादमाने ऑपरेटरला खाली उतरवलं. तपासणीत कळलं की गडी झोपेत नुसता घोरत नाही, त्याचा श्वासही अडतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मग त्याच्या दातांचं माप घेऊन, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं एक उपकरण बनवून दिलं. "रोज झोपताना घालायचं. आणि या किल्लीने स्क्रू आठवड्यातून एकच फेरा फिरवायचा, म्हणजे जबडा हळूहळू पुढे सरकेल," त्यांनी बजावलं.

पण गडी इरेला पेटलेला. महिन्याभरात क्रेनवर परत चढायचंच! पठ्ठ्याने चार दिवसांत सहा फेरे मारले. पाचव्या सकाळी जबडा असा धरला की चहासुद्धा घोटवेना.

"घोरणंही बंद, बोलणंही बंद. एका दगडात दोन पक्षी!" असं म्हणत बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रू मागे घेतला. "तुम्ही वजन झटक्यात उचलता का हो?"

"छे! दोर तुटेल ना," तो पुटपुटला, आणि बोलता बोलताच ओशाळला.

मग मात्र दर रविवारी एकच फेरा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. श्वास अडत नव्हता. मुकादमाने त्याला वर धाडलं.

त्याने पहिलं वजन जेमतेम वीतभर उचललं, तोच खालून कोणीतरी ओरडलं, "अरे, उरक की लवकर!"

"घाईचं काय होतं," तो वरून गरजला, "ते माझ्या जबड्याला विचार!"