भागूबाईंच्या लेकीचा फोटो

मित्रांनो, पोटात अंधार आणि तोंडावर काच, असा मी एक जुना कॅमेरा. पण फिरलो किती म्हणता! जर्मनीत घडलो आणि शिरड शहापूरच्या अमृतरावांच्या गळ्यात पडलो. ते बोटीवर नोकरीला होते, त्यामुळे देशोदेशी हिंडायचे. जपानच्या कोळिणी, केनियाचे गुराखी, पेरूच्या डोंगरातले विणकर, सगळे माझ्यापुढं उभे राहिले. फोटो मासिकांत छापून यायचे. लोक वाहवा करायचे आणि मी चामड्याच्या पिशवीत बसून फुशारून जायचो. फोटोतल्या माणसांकडं मात्र ते फोटो जायचे नाहीत.

१९७४ साली अमृतराव सुटीवर गावी आले आणि मला घेऊन पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावर गेले. तिथं भागूबाई दारात कापडावर आरसे टाचत बसल्या होत्या. अमृतरावांनी मला डोळ्याला लावलं, तसा त्यांनी घुंगट ओढला.

“फोटू काढायचा न्हाई.”

“काहून, याडी?” तांड्यावर आईला याडी म्हणतात.

“मागल्या होळीला तुमीच माझ्या मिराचा काढला. नाचून राहिली होती ती. देतो म्हणले, दिला न्हाई. पावसाळ्यात तापानं गेलं माझं लेकरू. आता तिचं तोंड आठवाया बसते, तर आठवत न्हाई. आधी मला ती दाखवा.”

मिळेल त्या एसटीनं आम्ही घरी आलो. त्यांनी निगेटिव्हचे सगळे डबे उपसले. उन्हानं कितीतरी फिल्मा चिकटून खराब झाल्या होत्या. माझा तर जीव टांगणीला लागला. अखेर एका डब्याच्या तळाशी मिरा सापडली, अगदी शाबूत! देवाचे उपकार, दुसरं काय!

मोठा फोटो करून ते पुन्हा तांड्यावर गेले. भागूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

“हसून राहिली व्हय! हे आरसे म्याच लावले होते.” मग त्यांचा चेहरा उतरला. “पन ओढणी काळी काहून? लालभडक होती तिची.”

फिल्म काळी-पांढरी असते, हे अमृतराव समजावू लागले. ऐकतंय कोण! भागूबाईंनी कुंकू आणलं, पाण्यात बोट बुडवलं आणि मिराची सगळी ओढणी लाल करून टाकली. फोटोला नुसतं बोट लागलं तरी कावणारे आमचे अमृतराव! ते त्या दिवशी डोळे पुसत बसून राहिले.

ओला फोटो छातीशी धरून भागूबाईंनी स्वतःच घुंगट वर केला.

“आता काढा. आमा दोघींचा.”

त्या फोटोची पहिली प्रत तांड्यावर पोचली. पुढं जपानला, केनियाला, पेरूलाही अमृतरावांनी ज्याच्या त्याच्या फोटोंची पाकिटं पाठवली.

आता माझी काच धुरकटलीय, खटका अडकतो. माझी काही तक्रार नाही. एवढ्या माणसांनी विश्वासानं आपले चेहरे माझ्या हवाली केले, आणखी काय हवं? मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाचा फोटो काढलात, तर एक प्रत त्याच्या घरी नक्की नेऊन द्या. तिथं कुणीतरी त्या चेहऱ्याची वाट बघत असतं.