चिपडांचा रंग

सिहोऱ्याच्या शाळेत गुड्डीनं आयुर्वेदावर भाषण ठोकलं, पहिला नंबर काढला, आणि तेव्हापासून तिचे पाय काही जमिनीला लागेनात. भाषणाच्या तयारीसाठी ती तुमसरला भैय्याजी वैद्यांच्या दवाखान्यात जाऊन बसायची. डोळ्यातून पातळ पाणी गळलं तर वात, पिवळं नि कढत आलं तर पित्त, पांढरं चिकट आलं तर कफ, हे तिला पाढ्यासारखं पाठ. घरात कोणी नुसतं शिंकलं तरी ही निदानाला हजर.

त्यात धानाची मळणी आली. गुड्डीची मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची बायको रुखमिणी, खळ्यावरून आली ती उजवा डोळा चोळतच. सकाळी बघावं तर पापण्या चिपडांनी गच्च चिकटलेल्या. मोठ्या बाबांनी मोटरसायकल काढली.

"चाल वो, तुमसरले दाखवून आणतो."

"काहून जाता?" गुड्डी आडवी आली. "पांढरं हाय, चिकट हाय. कफ हाय हा. त्रिफळ्याच्या पाण्यानं धुऊन देईन ना मी."

"झाली का डॉक्टरीन?" मोठे बाबा हसले.

"राहू द्या," मोठी आई म्हणाली. "एवढी शिकून राह्यली पोरगी. आन् धान खळ्यात पडला हाय, तुम्ही तुमसर कुठं घेऊन बसले?"

मोटरसायकल परत आत गेली. गुड्डीनं त्रिफळा उकळला, निववला, फडक्यानं गाळला, मोठ्या आईचं डोकं मांडीवर घेऊन धार धरली. चिपडं निघाली. "थंड वाटलं माय," एवढंच मोठी आई बोलली, आणि गुड्डी त्या एका वाक्यावर तरंगत राहिली.

मग चिपडं पिवळी येऊ लागली. गुड्डी म्हणाली, आता पित्त वाढलं, आणि तिनं मिरची बंद केली. मोठी आई तोंडावर पदर घेऊन बसायला लागली. "उजेड रुपते वो डोऱ्यात," म्हणायची. गुड्डीनं तेही पित्तातच बसवलं.

शेवटी मोठ्या बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. तिघंही तुमसरला गेले. भैय्याजींनी अंगठ्यानं पापणी उचलली आणि बॅटरी मारली. काळ्या बुबुळावर पांढरा व्रण, त्यात रुतलेलं धानाचं कुसळ.

"धुतला कोणी?"

"मी," गुड्डी म्हणाली.

"चिपडं पाह्यली?"

"हो. आधी पांढरी होती, मंग पिवळी."

"आन् डोळा?"

गुड्डीनं तेव्हा कुठं वाकून बुबुळाकडे पाहिलं.

"बाई खळ्यावरून आली, हे तरी ध्यानात घ्याचं होतं. डोळ्यात काही घुसलं तर ते आधी काढा लागते बेटा. आपल्या शास्त्रातही तेच हाय. रंगाचं मंग." त्यांनी स्वतः काहीच औषध दिलं नाही. चिठ्ठी लिहून मोठ्या बाबांच्या हातात दिली. "भंडाऱ्याले डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. इथूनच. घरी जाऊ नोका."

भंडाऱ्यात कुसळ निघालं. डोळा राहिला, पण बुबुळावर फूल पडलं. नजर फार काही परत येणार नाही, म्हणाले डॉक्टर. त्याच दिवशी आणलं असतं तर, असंही म्हणाले.

परतताना सिहोऱ्याच्या स्टँडवर मोठे बाबा औषध घ्यायला थांबले. या दोघी घराकडे निघाल्या.

"मोठी आई, मीच अडवलं तुले."

"अडवलं तू, पण राह्यली त मीच ना. मलेच जिवावर आलं होतं जाणं."

"मले शिव्या दे ना वो."

"देईन. घरी त चाल आधी."

समोरून ट्रॅक्टर आला, तशी गुड्डी मोठ्या आईच्या उजव्या बाजूला झाली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर मोठी आई थांबली. तिनं डावीकडे पाहिलं, मागे वळून रस्ता पाहिला.

"गुड्डी, कुठं राह्यली माय?"