भिंतीवरचे चोवीस

“त्या खोलीत उद्या कोणी राहायला लागलं, तर आधी मला सांगा,” इंजिनिअर ताई म्हणाल्या होत्या. घरातली आई तेव्हा फरशीचे नमुने उलटसुलट करून बघत होती. “हो हो, सांगू की,” ती म्हणाली आणि पुन्हा फरशीत बुडाली.

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर पांढरी डबी असते ना, तीच मी. घर गार किंवा उबदार ठेवणाऱ्या यंत्राला कधी चालायचे आणि कधी थांबायचे, हे मी सांगतो. त्या दिवशी मी ताईंच्या टेबलावर नमुना म्हणून पडलो होतो.

नवे घर बांधून होत आले होते. “सगळ्यात मोठं यंत्र बसवून टाका, नंतर कटकट नको,” बाळाचे बाबा म्हणाले. (बाळ तेव्हा अजून आईच्या पोटात होते.) ताई हसल्या. “कपडे मापाचे घेता ना? हेही तसंच. फार मोठं यंत्र पटकन गार करतं आणि लगेच थांबतं. हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो. मग अंग चिकट आणि भिंतींना बुरशी.” त्यांनी खिडक्यांच्या दिशा विचारल्या, छतावर काय आहे ते विचारले, कोण कुठे झोपणार तेही विचारले. पश्चिमेच्या टोकाची छोटी खोली सामानाची होती. खोक्यांना कसला आलाय गारवा? म्हणून तिथे हवेची वाट काढलीच नाही. तेव्हाच ताई सुरुवातीचे ते वाक्य बोलल्या होत्या.

यंत्र अगदी बेताचे बसले आणि मी दिवाणखान्याच्या भिंतीवर चढलो. माझा तर थाटच निराळा! पाहुणे यायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “वा, चोवीस अंश! बाहेर काहिली आणि इथे काय सुख आहे!” मी फुलून जायचो. बाळ झाल्यावर आई मला दिवसातून कितीदा बघायची, काही विचारू नका. बाळाला खांद्यावर टाकून यायची, आकडा वाचायची आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा.

आबा म्हणजे बाळाचे आजोबा. त्यांना जुनाट खोकला होता. मधल्या खोलीत ते खोकले की शेजारच्या खोलीतले बाळ दचकून रडायचे. आई अवघडून म्हणाली, “आबा, पलीकडची सामानाची खोली लावून दिली तर चालेल? तिथे पंखाही आहे.”

“चालेल की!”

“गरम नाही ना होणार?”

“सूनबाई, मी काय दूध आहे, नासायला?”

दोघेही हसले. सामान निघाले, पलंग गेला. ताईंना फोन करावा असे तिच्या मनात आले असावे, कारण तिने फोन हातात घेतला होता. पण तिची नजर माझ्यावर गेली. “घर तर चोवीसवर आहे,” ती स्वतःशीच म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्यावर विसंबून ठेवला, मित्रांनो. हे आठवले की मला भिंतीत गडप व्हावेसे वाटते. मला फक्त माझ्यापुढची हवा कळते. बंद दाराआडचे मला काय ठाऊक?

उन्हाळा तापला. एका दुपारी आत्याचा, म्हणजे आबांच्या लेकीचा, फोन आला. “आबा कसे आहेत गं?”

“मजेत आहेत. घर एकदम गार आहे.” बोलताना आई माझ्याकडेच बघत होती.

चहा झाला, तरी आबा आले नाहीत. हाक मारूनही ओ येईना. आईने त्यांचे दार ढकलले आणि आतली हवा दिवाणखान्यात माझ्यापर्यंत आली. माझा आकडा चढू लागला. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. त्या खोलीची ओळख मला अशी झाली.

आबा जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. पंखा गरम वारा फेकत होता. “पोरी, शाळा सुटली का?” ते आईला म्हणाले. तिला ते आपली लेक समजत होते. आईने शेजाऱ्यांना बोलावले, आबांना ओल्या चादरीत घेतले आणि दवाखान्यात नेले.

आबा वाचले. इंजिनिअर ताई आल्या, त्यांनी त्या खोलीची पश्चिमेची तापलेली भिंत हाताने चाचपली. “मला सांगायचं नाही का?”

“डबीवर चोवीस दिसत होते हो,” आई पुटपुटली आणि खाली बघू लागली. मीही बघितले असते, पण मला मान नाही.

आबा आता मधल्या खोलीत झोपतात आणि बाळाचा पाळणा आईच्या पलंगाला लागून आहे. परवा आईने धीर करून विचारले, “आबा, एकदा तरी बोलायचंत.”

“अगं, तू विचारलं असतंस तरी ‘बरा आहे’ असंच म्हणालो असतो. बाळ झोपत होतं ना शांत.”

मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका, धूळही पुसू नका. तुमच्या घरात कडेच्या खोलीत कोणी आहे का? मग आकडे बघू नका आणि दारातूनच “बरं आहे ना?” असेही विचारू नका. आत जा. तिथली हवा कळावी म्हणून दार लोटून घ्या, ते माणूस बसते तिथे त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. आत्ताच जा.